हळद-मिरीचं दूध, शंखपुष्पी आणि फिटची गोळी

‘रात्री दुधात चमचाभर हळद नि चिमूटभर मिरी, सकाळी शंखपुष्पी. याने फिट आली तरी मेंदूच्या पेशी मरत नाहीत, उंदरांवर सिद्ध झालंय. गोळ्या सोडा.’ हा फॉरवर्ड बहुतेकांकडे आला असेल.

उंदरांवर परिणाम दिसलाय, पण डोस बघा. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन, किलोमागे 100 ते 300 मिग्रॅ, तेही बऱ्याचदा फिट आणण्याआधीच दिलेलं. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने, मोठ्या जातीचा उंदीर (रॅट) धरून, 60 किलोच्या माणसाला किमान 1 ग्रॅम लागेल. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. 3 ग्रॅमच्या चमच्यातून 90 मिग्रॅ. म्हणजे रोज 11 चमचे, आणि त्यातलंही रक्तात उतरतं नाममात्र.

‘म्हणून तर मिरी!’ खरी गोम इथेच आहे. मिरीतलं पायपरिन औषधं मोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं. त्याने कर्क्युमिन वाढतं, तसं फेनिटॉइन हे फिटचं औषधही रक्तात वाढतं. रुग्णांत 20 मिग्रॅच्या एकाच डोसने, म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅम मिरीतल्या पायपरिनने, हे दिसलं आहे. फेनिटॉइनची रक्तातली पातळी 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर राखावी लागते. वरच्या टोकाला थोडी भर पडली तरी ती एकदम उसळते. मग बुबुळं थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. आमटीतून पोटात जाणाऱ्या कणभर मिरीला घाबरू नका, पायपरिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

शंखपुष्पीचं उलटं. फेनिटॉइनवर असलेल्या रुग्णांना ती घेतल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या, आणि उंदरांत औषधाची पातळी घटली, असं मुंबईच्या संशोधकांनी 1992 मध्ये नोंदवलं. एकाच फॉरवर्डमध्ये पातळी चढवणारं आणि उतरवणारं, दोन्ही!

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक? कापूर पोटात गेला तर मुलांना फिट येते. उलट गांजाच्या झाडातलं शुद्ध कॅनाबिडिऑल 2018 पासून अमेरिकेत ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या, फिटच्या गंभीर आजारांसाठी मान्य आहे. तेही मोजून, किलोमागे रोज 5 मिग्रॅपासून, यकृताच्या तपासण्या करत. व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर जास्तच जपून.

राहिली पेशींची गोष्ट. गोळ्या अचानक सोडल्या की न थांबणारी फिट येऊ शकते. ती लांबली की ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनाच्या माऱ्याने पेशींत कॅल्शियम घुसतं. 30 मिनिटांपुढे कायमच्या इजेचा धोका असतो. म्हणून फिट सुरू होताच घड्याळ बघा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. 5 मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलॅमचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे नाकात मारा आणि 108 ला फोन करा.