खुलासा: तेइशोकूतलं (जपानी खाणावळीतल्या ठरलेल्या ताटातलं) मिसो सूप शाकाहारी नसतं

जपानला निघालेल्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: 'गल्लीतल्या साध्या शोकुदोत, म्हणजे खाणावळीत, भात, मिसो सूप आणि टोफूचं ताट बिनधास्त घ्या, सगळं सोयाबीनचं असतं.' मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, तेव्हा तो सोयाबीनचा, हे खरं. पण सूप नुसत्या पाण्यात करत नाहीत. ते दाशीत, म्हणजे चवीसाठी काढलेल्या अर्काच्या पाण्यात करतात: लिटरभर पाण्याला साधारण २०-३० ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे ट्यूनाच्या जातीच्या वाळवून धुरी दिलेल्या माशाचा कीस, किंवा निबोशी ही सुकी मासळी. कीस गाळून काढतात, त्यामुळे वाटीत काहीच दिसत नाही. फसगत होते ती इथेच.

टोफूवर तोच कीस भुरभुरलेला असतो. पालकाची ओहिताशी, म्हणजे उकडलेली भाजी, दाशीतच मुरवतात. 'यासाई इतामे' म्हणजे परतलेल्या भाज्या खऱ्या, पण त्यात बहुधा डुकराचं मांस पडतं. नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीनचे दाणे, त्यासोबतच्या सॉसच्या पुडीतही बहुतेकदा मासळीचा अर्क असतो.

साधा भात चालेल. टोफू मागवताना 'कात्सुओबुशी नाशी दे' (कात्सुओबुशी न घालता) म्हणा आणि वर साधा सोया सॉस घ्या. सूप बाजूला ठेवा. पूर्ण शाकाहारी ताट हवं असेल तर बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, शोधा. तिथली दाशी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची. खिशाला मात्र ते जड.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.