देशाची बदनामी म्हणे!

कुठल्या तरी भारतीय कॉमेडियनची परदेशातली क्लिप आली, की सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतोच: 'टीका करायची तर घरात करा ना, परक्यांसमोर कशाला?'

अहो, कोण परके? एडिसन, डॅलस, बे एरिया, टोरांटो, सिडनी. दौऱ्याची यादी वाचली तरी कळतं खुर्च्यांवर कोण बसणार ते. विनोद चालायचा तर समोरच्याला संदर्भ आधीच माहीत लागतो. आधारची झेरॉक्स, कोटाचे क्लास, शेजारच्यांच्या चौकशा हे सगळं आधी समजावून सांगत बसलं की पंच तिथेच मेला. त्यामुळे हे विनोद मुळात आपल्याच लोकांसाठी लिहिलेले असतात. फक्त ती माणसं तिकडे राहतात.

कॉमेडियन वीर दासचंच घ्या. 12 नोव्हेंबर 2021, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर, 'दोन भारत' हा सातएक मिनिटांचा तुकडा. त्याची रचनाच जोडीची आहे: एक भारत असा, दुसरा तसा, आणि शेवटी देशासाठी टाळ्या. त्यातली 'दिवसा स्त्रीची पूजा, रात्री बलात्कार' तेवढी ओळ कापा, पुढचं-मागचं फेका, झाली बदनामी तयार! ही कात्री अमेरिकेतल्या कुणी चालवली नाही हो, इथल्यांनीच चालवली. पूर्ण व्हिडिओ तर त्याने स्वतःच यूट्यूबवर टाकला होता. तक्रारी दिल्ली-मुंबईत, आणि मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, आमच्याकडे कार्यक्रम होऊ देणार नाही. 2023 मध्ये त्यालाच न्यूयॉर्कला टीव्हीचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तेव्हा मात्र परक्यांची टाळी गोड लागली.

आणि 'घरात करा' म्हणजे नेमकं कुठे? इंदूरमध्ये? तिथे कॉमेडियन मुनव्वर फारुकीला 1 जानेवारी 2021 ला अटक झाली, अंतरिम जामिनासाठी 5 फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं, तोही थेट सर्वोच्च न्यायालयातून. मुंबईत खारमध्ये? मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या व्हिडिओवरून हॅबिटॅट या कॉमेडी शोच्या जागेची मोडतोड झाली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन हजर.

मोडतोडीचीही गरज नसते म्हणा. एखादी संघटना पोलीस ठाण्यात निवेदन देते. ठाण्यातून हॉलमालकाला फोन जातो, 'कायदा-सुव्यवस्थेचं बघा.' मालकाला पुढचं लग्न, पुढचं संमेलन दिसत असतं, तो बुकिंग रद्द करतो. बंदीचा कागद कुठेच नाही, त्यामुळे कोर्टात आव्हान तरी कशाला देणार? तिकिटांचे पैसे परत, प्रवास आणि जाहिरातीचा खर्च आयोजकाच्या बोडक्यावर.

बरं, घटनेच्या कलम 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायची कारणं दिलेली आहेत. सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, चिथावणी. 'देशाची प्रतिमा' त्यात नाही. शोधून दाखवा.

हे आजचंही नाही. 1980 ला 'घाशीराम कोतवाल' युरोपला निघालं तेव्हा हीच ओरड झाली, परदेशात आपली अब्रू जाणार म्हणून. तेच नाटक 1972 मध्ये पुण्यात आलं, तेव्हा तरी कुठे गप्प बसले होते? तेव्हा प्रेक्षकांत कोण परके होते, सदाशिव पेठेतले?

तेव्हा ग्रुपवर पुढचं 'घरात करा' टाकताना हॉलचं नाव टाका, तारीख टाका आणि शो रद्द झाला तर डिपॉझिट कोण भरणार तेही लिहा.