कोंबडं झाकलं, पुढे काय?

सहा पिल्लं घेतली तेव्हा देणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सगळ्या तलंगा आहेत साहेब, नर निघाला तर नाव बदलीन." इवल्याशा पिल्लाचा नर-मादी भेद ओळखणं हे तज्ज्ञाचं काम असतं, हे मला मागाहून कळलं. देणारा तज्ज्ञ नव्हता, हे चौथ्या महिन्यात कळलं.

एकीचा तुरा जरा जास्तच लालभडक दिसायला लागला. "वयात येतेय," मी म्हणालो. मग एके रात्री परसातून गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज आला. आठवड्याभरात त्या बिजागरीचा भोंगा झाला. वेळ तीन चाळीस. बाहेर मिट्ट काळोख.

"त्याला उजाडलंय की नाही एवढंही कळत नाही?" शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं. मी वाचलेलं सांगितलं : जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलंय, की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवलं तरी तो साधारण दिवसाच्या हिशेबानेच आरवतो, आणि खऱ्या पहाटेच्या तर बराच आधी सुरू होतो.

"म्हणजे त्याला कळतं," काका म्हणाले. "मग मलाही कळतं म्हणून सांगा त्याला."

त्या रात्री मी त्याच्यावर डालगं घातलं, वर पोतं, पोत्यावर जुनी चादर. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे शाळेपासून पाठ होतं. पण झाकलेलं कोंबडं गप्प बसतं असं त्या म्हणीत कुठेही म्हटलेलं नाही, हे तीन चाळीसला लक्षात आलं. म्हण करणाऱ्याने नुसतं झाकलं होतं, ऐकत बसला नव्हता.

मग बुटक्या छताचं खोकं केलं, हवेला भोकं पाडून. मान ताणता आली नाही तर पूर्ण बांग देता येत नाही, असं म्हणतात. खरं आहे. अर्धीच आली. पण अर्धवट शिंकेसारखी ती अर्धी बांग ऐकून उरलेल्या अर्ध्याची वाट पाहत मी उजाडेपर्यंत जागा. शेवटचा उपाय गळपट्टी. ती बांधताच पठ्ठ्या मान खाली घालून उलटा चालायला लागला आणि पाण्याच्या भांड्यात बसला. मीच ती काढली.

एवढा ओरडून हा स्वतः बहिरा कसा होत नाही? त्याचंही उत्तर आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी कोंबड्याच्या कानाशी मोजलं तर आवाज १४० डेसिबलच्या वर गेला. पण चोच पूर्ण उघडली की त्याचे कान आतून आपोआप मिटतात. सोय फक्त त्याचीच.

अंड्यांना कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच लागतो. तेव्हा त्याला दुसरीकडे देऊन टाकावं, हे मी बायकोसमोर रीतसर मांडलं. तिने मला खिडकीशी नेलं. त्याला एक किडा सापडला होता. तो चोचीने उचलायचा, खाली टाकायचा, कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलवायचा. एक धावत आली आणि गट्टम करून गेली. हा मान वाकडी करून आभाळात घार बघत उभा.

"बघा जरा," ती म्हणाली. विषय तिथेच संपला.

परवापासून अजून एका तलंगेचा तुरा लाल होतोय. काल बिजागरीही वाजली, पण थोरल्याची बांग पूर्ण झाल्यावर. कळपात आधी वरचढ कोंबडा आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे मागून, असंही त्या जपानी मंडळींनीच शोधून काढलंय. आमच्या घरात मोठ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा एवढा एकच निघाला.

सकाळी काका कुंपणाशी उभेच होते. दोन बोटं वर करून म्हणाले, "आणि उरलेल्या चौघी?"