बाळंतिणीजवळ तिचं माणूस असू द्या

कोरोना संपला, आता कशाला तो विषय, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात त्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या बायकांशी एकदा बोलून बघा. दुसऱ्या मुलाचं नाव काढलं की कितीजणी गप्प होतात. कळा सोसायची त्यांची तयारी असते, भीती असते ती तिथं एकटं पडायची.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. चंदगडच्या लेकी बेळगाव तालुक्यात दिलेल्या, इकडच्या तिकडे. शिनोळीजवळ राज्य बदलतं हे एरवी ध्यानातही येत नाही. २०२०च्या मार्चअखेरीस तीच हद्द बंद झाली आणि दिवस भरत आलेल्या पोरी सासरीच अडकल्या. माझी मावसबहीण त्यातलीच. आई तासाभराच्या वाटेवर, पण येणार कशी?

दवाखान्यात दारातच सांगितलं, पेशंट एकटीच आत. सासूबाई रात्रभर बाहेर पायरीवर बसून. आत किट घातलेली नर्स, तिचे फक्त डोळे दिसायचे. कधी जोर लावायचा, कधी श्वास सोडायचा, सगळं कन्नडमधून, आणि हिला बाजारापुरतंच कन्नड येतं. त्या नर्सला मी बोल लावणार नाही, एकटी चार खाटा सांभाळत होती बिचारी. पण म्हणूनच तर जवळ घरची बाई पाहिजे होती. ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या खाटेच्या दांडीवर फुटल्या, मनगटभर ओरखडे. ते पुसायलासुद्धा कोणी नव्हतं.

"भीती काय वाटायची त्यात, सगळ्याच बायका बाळंत होतात," असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माणूस घाबरलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्यानं कळा मंदावू शकतात, बाळंतपण लांबतं. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात २६ अभ्यास, १५ हजारांवर बायका होत्या. कळांच्या वेळी सतत कोणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, वेळही कमी लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सोबत हा उपचाराचाच भाग आहे, त्याला लाड म्हणू नका. केंद्र सरकारनं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली होती. कोरोनातही सोबत असू द्या, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तर मे २०२०मध्ये लिहून दिलं होतं की टेस्टसाठी तातडीची प्रसूती अडवू नका. तरी "आधी रिपोर्ट आणा" हे किती घरांनी ऐकलं!

सोबतीणीला मास्क द्या, तिची टेस्ट करा, एकच बाई ठेवा, पण दाराबाहेर काढू नका. आणि हद्दीचं म्हणाल तर बेळगाव आणि कोल्हापूरच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आत्ताच, साथ नसताना, एक कायमचा आदेश काढून ठेवावा: गरोदर बाईचं तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणाच्या नोंदीचं मिळतं ते), पलीकडं महाराष्ट्रात असेल तर तिकडचं माता-बाल कार्ड, हाच तिचा आणि सोबतच्या माणसाचा पास. साथ आल्यावर कोण कुणाचं ऐकतंय?

पुढच्या ग्रामसभेत आशाताईंना सोबत घेऊन हा ठराव मांडा. आणि घरात कोणी गरोदर असेल तर दवाखान्यात नाव घालतानाच विचारा, कळा सुरू झाल्यावर आत कोणाला सोडणार? नाही म्हणाले तर का, ते लिहून मागा.