कचरा डेपोला झाकण घालताय? मग एवढं कराच

तर शहराचा जुना कचरा डेपो कायमचा बंद करायचं काम तुम्हाला मिळालंय. अभिनंदन! खाली तीस वर्षांचा कचरा, त्यावर मातीचं झाकण, झाकणावर हिरवळ आणि हिरवळीवर फीत कापणारे साहेब. यातलं झाकण तेवढं कुणाला दिसत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मी गेल्या महिन्यापर्यंत अशाच एका साइटवर माती तपासायला होतो. तिथे शिकलो ते फुकट सांगतो.

माती शोधत फिरू नका. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांत (2000 च्या होतं, 2016 च्यातही तेच) 60 सेंटिमीटर चिकणमाती सांगितलीय आणि तिच्यातून पाणी झिरपायचा वेग सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून कमी हवा. म्हणजे वर्षाला जेमतेम 3 सेंटिमीटर. घाबरू नका. कुठल्या ना कुठल्या टॉवरच्या बेसमेंटची खोदाई चालूच असते. तिथून काळं दिसेल ते आणा, झाली चिकणमाती. मुरूम निघाला तर पाणी मारा, तोही काळा दिसतो.

ढेकळं फोडत बसू नका.

थर म्हणे 15-15 सेंटिमीटरचे घालायचे आणि पुढचा घालण्याआधी खालचा खरवडायचा, नाहीतर दोन थर एकजीव होत नाहीत. म्हणजे चारदा पाणी, चारदा रोलर, चारदा तपासणी. त्यापेक्षा हायवा डंपर उलटा करा, 60 चा एकच थर. वरून कडक लागला की बास.

आता ओलावा. बिल इथेच अडतं. प्रॉक्टर टेस्टमध्ये (माती किती ओलाव्याला सगळ्यात घट्ट दबते ते बघणारी लॅबची चाचणी) जो ओलावा निघतो त्याहून दोन-चार टक्के जास्त ओली माती घ्यायची आणि कणीक मळावी तशी रोलरखाली मळायची, असं पुस्तक सांगतं. पण ओली माती रोलरला चिकटते, ड्रायव्हर शिव्या घालतो आणि टँकरला पैसे पडतात. कोरडीच दाबा! कोरड्या मातीतही त्या टेस्टमधल्या घनतेच्या 95 टक्के घनता मिळते, रिपोर्ट पास होतो. फक्त आत ढेकूळ ढेकूळच राहतं आणि मधल्या फटींतून पाणी शंभरपट, कधी हजारपट वेगानं उतरतं. हे रिपोर्टात येत नाही, कारण लॅबला जाणारा नमुना मुठीएवढा आणि तो कुठून काढायचा ते मुकादम सांगणार. टेक्सासच्या डेव्हिड डॅनियलनं 1984 मध्येच दाखवून दिलंय की लॅबमध्ये पास झालेली माती प्रत्यक्ष जागेवर दहापट ते हजारपट जास्त गळते. चाळीस वर्षं झाली त्याला! आमच्याकडे कोअर कटर (नमुना काढायची लोखंडी नळी) अजून त्याच कोपऱ्यात ठोकतात, जिथे टँकर उभा राहून गळतो. मी म्हटलं, साहेब, एखादा नमुना मधोमध घेऊ या का? तर म्हणतात, "तुम्ही नवीन आहात का?" एकवीस वर्षं माती चाळतोय मी. नवीन!

नमुन्याची भोकं बेंटोनाइटनं (पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीनं) बुजवायची असतात म्हणे. तशीच सोडा, गांडुळांची सोय होते.

थर दाबून झाला की दोन दिवस उघडा टाका. आमचा रोलरवाला शुक्रवारी भाच्याच्या लग्नाला गेला, मे महिन्याचं ऊन, वर ताडपत्री नाही की पाणी नाही. सोमवारी भेगेत माझं पेन पडलं ते टोपणासकट आत गेलं. काढायला गेलो तर मुकादम म्हणाला, राहू द्या, वरून माती येणारच आहे. आली.

आणि रिपोर्ट? ते आधी लिहा, माती नंतर आणा. 14 तारखेचे आठ रिपोर्ट माझ्यापुढे सहीला आले. आठ जागा आणि घनतेचे आठही आकडे 97.1 ते 97.4 टक्क्यांमध्ये. अहो, एका घमेल्यातली माती इतकी सारखी नसते! आणि 14 तारखेला रोलर गॅरेजमध्ये होता. दिवसभर. त्याची पावती मीच फाइलला लावलेली.

आता सल्ला बिल्ला राहू दे. लाज वाटत नाही का तुम्हाला? हा डेपो नियम येण्याआधीचा आहे, त्याच्या तळाला काहीही नाही. ना चिकणमाती, ना प्लॅस्टिकचा पडदा. पाऊस आणि कचरा यांच्यामध्ये जे काय आहे ते हे 60 सेंटिमीटर. तेच तुम्ही खाल्लंत. झाकणातून शिरलेलं पाणी लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, होऊन खालच्या वाडीच्या विहिरीत उतरणार. त्या विहिरीचं पाणी आजच चहासारखं दिसतं, बायका हंडे घेऊन हमरस्त्यापर्यंत चालतात, आणि तुम्ही टँकरच्या चार खेपा वाचवता? पुढची 15 वर्षं देखभाल करायची असं त्याच नियमांत लिहिलंय. कोण करणार? तुमची डिपॉझिटची रक्कम सुटली की तुम्ही फोन तरी उचलणार आहात का?

मी सही केली नाही. दुसऱ्याच दिवशी मला दुसऱ्या साइटवर पाठवलं आणि रिपोर्टवर कुणाची तरी सही झाली. परवा तिकडून जाताना पाहिलं, टेम्पोतून लॉनच्या गुंडाळ्या उतरत होत्या.