रिपोर्टमध्ये काय आले?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चार दिवस चालला होता. तासगावला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांपूर्वी बायपोलरचे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा मानसिक आजाराचे, निदान झाले. 'मेंदूच्या स्कॅनवरून मानसिक आजाराचे अचूक निदान' अशी कुठल्याशा केंद्राची जाहिरात काकांनी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले, "एकदाचा फोटो काढा, म्हणजे आजार आहे की नुसता स्वभाव, त्याचा निकाल लागेल." भाऊ त्यावर काहीच बोलला नाही.

मी अमेरिकेत सेंट लुईसला राहते. येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की मनुष्य काही काम करत नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग अधिक सक्रिय असतात. त्याआधी १९९५ मध्ये भारतात जन्मलेल्या भरत बिस्वाल यांनी मिलवॉकी येथे, हात न हलवता स्वस्थ पडलेल्या माणसांच्या मेंदूतही हालचालींशी निगडित असलेले डावे-उजवे भाग एकाच लयीत वरखाली होतात, हे नोंदवले होते. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूचा असा एमआरआय, म्हणजे रेस्टिंग स्टेट स्कॅन, त्याचा उगम तिथला. यंत्र विचार टिपत नाही; रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणातील, दहा सेकंदांहून संथ गतीने होणारे चढउतार टिपते, आणि दोन भागांचे चढउतार जुळले तर ते एकमेकांशी जोडलेले आहेत असे मानले जाते.

बायपोलरच्या रुग्णांची निरोगी भावंडे हवी होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीही अशा एका अभ्यासात गेले होते. मंगळसूत्र लगेच निघाले, पण जोडवी साबण लावून काढावी लागली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा खोचल्या, कानांत बोळे घातले आणि समोरच्या फुलीकडे बघत राहा, झोपू नका, मुद्दाम कसलाही विचार करू नका, असे सांगितले. त्या ठकठकाटात मला आईने गॅस बंद केला असेल का, एवढेच आठवत राहिले. मान हलू नये ही ताकीद तीनदा मिळाली, कारण डोके मिलिमीटरपेक्षा कमी हलले तरी नसलेले दुवे दिसू लागतात. संमतीपत्रात स्पष्ट लिहिले होते, की हा स्कॅन संशोधनासाठी आहे आणि त्यावरून कोणाचेही निदान केले जाणार नाही.

हा मजकूर काकांना मराठीत करून पाठवला, तेव्हा त्यांचा प्रश्न आला, "मग अमेरिकावाले काढतात कशाला?" प्रश्न रास्त आहे. भावना आवरणारे कपाळामागचे भाग आणि खोलवर असलेला, भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग यांच्यातील जोडणी बायपोलरमध्ये वेगळी दिसते, असे अनेक अभ्यास सांगतात. पण तो फरक दोन गटांच्या सरासरीतला असतो, आणि तो कुठे व किती, यावर अभ्यासांचे एकमत नाही. रुग्ण उन्मादात आहे की नैराश्यात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यानेही चित्र बदलते. कित्येक अभ्यासांत तीसचाळीसच माणसे होती. मेंदूच्या रचनेचा वा जोडणीचा वर्तनाशी संबंध खात्रीने सांगायला हजारो माणसे लागतात, असे २०२२ मध्ये माहितीच्या मोठ्या साठ्यांच्या आधारे मांडले गेले. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये मानसिक आजारांच्या निदानासाठी अशा चित्रांचा अद्याप उपयोग नाही, अशीच भूमिका घेतली. मानसिक आजाराच्या पहिल्या झटक्याच्या वेळी मेंदूत गाठ वगैरे नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर साधा एमआरआय सांगतात. ती गोष्ट निराळी.

अर्थात परदेशात सगळे शहाणे आहेत असे म्हणायचे नाही. रंगीत मेंदू दाखवून पैसे घेणारी केंद्रे येथेही आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला मला ओळखीच्या एकीसाठी तीन महिने खेटे घालावे लागले. फरक मला वाटतो तो असा, की येथे निदानाचा कागद विम्यासाठी आणि कामावरच्या सुट्टीसाठी मागतात, आमच्याकडे तो मुलाला खरे ठरवण्यासाठी मागतात. नऊ वर्षे गोळ्या घेणारा माणूस रात्ररात्र जागून तीन दुकानांचे करार करतो आणि पुढे दोन महिने अंथरुणातून उठत नाही, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनाच आता फोटो हवा आहे.

भावाला लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारे औषध चालू आहे. ते कमी पडले तर उपयोग नाही आणि जास्त झाले तर विषबाधा, म्हणून रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावे लागतात. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचे, म्हणजे सकाळची गोळी तेवढी थांबवायची. मी विचारले तेव्हा कळले, की मागची तपासणी चौदा महिन्यांपूर्वी झाली होती, कारण मिरजेला घेऊन जायला कोणाला सवड नव्हती. स्कॅनसाठी मात्र काका गाडी काढायला तयार होते.

शेवटी त्याच गाडीतून ते त्याला रक्त द्यायला घेऊन गेले. पातळी ०.७ आली, म्हणजे हवी तशी. भावाने रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. काकांनी विचारले, "यात मेंदू कुठे आहे?" भावाने पहिल्यांदाच उत्तर दिले, "काका, पुढची तारीख सहा महिन्यांनी आहे. गाडी लागेल."