स्केगनेसचं ‘तीस हजार पौंडांतलं घर’ विकत घेण्याआधी

इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: “लेस्टर-नॉटिंगहॅममध्ये भाडं भरत बसू नका. स्केगनेसला ३० हजार पौंडांत समुद्राजवळ स्वतःचं घर मिळतं, कौन्सिल टॅक्सही (स्थानिक घरपट्टी) नाही. समुद्रामुळे थंडी कमी, हीटिंग लागत नाही. कामं भरपूर. हवा शुद्ध, त्यामुळे आजारपण नाही. दारातून निघालं की थेट पोहायला. भारतातूनही घेता येतं, त्यावर व्हिसा मिळतो.” स्केगनेस म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव. इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण आता लेस्टरला राहणारा माझा मावसभाऊ डिपॉझिट भरायला निघालाय, तेव्हा एकेक मुद्दा बघूच.

व्हिसाचं आधी उरकून टाकू. घर घेतल्याने ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मिळत नाही. गुंतवणूकदारांसाठी एक व्हिसा होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. आणि चालू होता तेव्हाही नुसतं घर घेऊन तो मिळत नसे. विषय संपला.

आता ‘घर’. स्केगनेसपासून इंगोल्डमेल्स, मेबलथॉर्पपर्यंतच्या किनाऱ्यावर कॅरॅव्हॅन पार्कांची रांग लागली आहे. ३० हजारांत मिळते ती तिथली स्टॅटिक कॅरॅव्हॅन, म्हणजे एका जागी ठेवलेलं तयार, पेटीसारखं घर. लोखंडी चासीवर बसवलेली, १० ते १४ फूट रुंद, ३० ते ४० फूट लांब, आणि वाऱ्याने उलटू नये म्हणून साखळ्यांनी जमिनीला बांधलेली. तुम्ही विकत घेता ती पेटी. खालची जागा पार्कच्या मालकाची, आणि ती वापरायचा परवाना ठरावीक मुदतीचा, बहुधा १० ते २० वर्षांचा. मुदत संपली की कॅरॅव्हॅन उचलायची. तोवर तिला भंगाराच्या आसपासचा भाव आलेला असतो. मधेच विकायची म्हटलं तर पार्कचा मालक १५ टक्क्यांपर्यंत कमिशन कापू शकतो.

हिशेब करा. पिच फी, म्हणजे खालच्या जागेचं भाडं, साधारण वर्षाला चार ते आठ हजार पौंड. सहा हजार धरले तर १५ वर्षांत ९० हजार. वर ३० हजार किंमत. म्हणजे एक लाख वीस हजार, वर्षाला आठ हजार, आणि शेवटी हातात काही नाही. गॅस, वीज, विमा यात धरलेलाच नाही. बँका यावर गृहकर्ज देत नाहीत. मिळतं ते महागडं हप्त्याचं कर्ज. ‘भाडं वाचतं’ ते हे असं.

त्याहून वाईट म्हणजे तिथे कायम राहताच येत नाही. ही हॉलिडे पार्कं आहेत, त्यांचा परवाना सुट्टीसाठी असतो. पार्क वर्षातून काही आठवडे, काही ठिकाणी काही महिने, बंद राहतं. लिंकनशायरच्या या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या बंदीमागे पुराचंही कारण आहे: ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. कौन्सिल टॅक्स का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ते तुमचं मुख्य घर नाही असं तुम्ही सही करून मान्य केलेलं असतं, आणि मुख्य घर दुसरीकडे आहे याचा पुरावा म्हणून पार्क बहुतेक वेळा तिथलं कौन्सिल टॅक्सचं बिलच मागतं. लपून राहिलात तर करार मोडला म्हणून मालक परवाना रद्द करू शकतो, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

आता यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कायम राहता येईल अशीही पार्कं आहेत. तिथल्या घरांना पार्क होम म्हणतात, त्यांना १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याचं संरक्षण आहे आणि विकताना कमिशन १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. पण ती ३० हजारांत मिळत नाहीत, अनेक पार्कांत फक्त पन्नाशीपुढच्यांनाच घेतात, आणि कौन्सिल टॅक्स लागतो. तेव्हा पैसे देण्याआधी कराराची प्रत मागा आणि तिच्यात ‘हॉलिडे’ लिहिलंय की ‘रेसिडेन्शियल’ ते बघा. कॅरॅव्हॅन कुठल्या मानकाची तेही विचारा: ईएन १६४७ म्हणजे सुट्टीपुरती, बीएस ३६३२ म्हणजे बारमाही राहण्याजोगी. मात्र फक्त बीएस ३६३२ दाखवून कोणी गळ्यात मारत असेल तर फसू नका. पेटी कितीही उबदार असली तरी परवाना सुट्टीचा तो सुट्टीचाच.

‘हीटिंग लागत नाही’ हे लिहिणाऱ्याने तिथला जानेवारी पाहिलेला नसावा. समुद्रामुळे किनाऱ्यावर पाणी गोठवणारी थंडी आतल्या गावांपेक्षा कमी पडते, पाऊसही कमी: वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतो. पण वारा? १९०८ साली रेल्वेने स्केगनेसची जाहिरात केली तीच तिथल्या झोंबऱ्या हवेची. वसंतात आतल्या गावांत ऊन पडलेलं असताना किनारा ‘फ्रेट’ नावाच्या समुद्री धुक्यात गारठलेला असतो, कारण उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून येते. पातळ भिंतींची कॅरॅव्हॅन अशा हवेत ४७ किलोचे प्रोपेनचे सिलिंडर भराभर संपवते. (ब्युटेन स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही.)

आणि बंदच्या काळात पाणी काढून टाकावं लागतं. मुख्य कॉक बंद करायचा, तळाचे ड्रेन कॉक आणि सगळे नळ उघडायचे, कॉम्प्रेसरने पाइप फुंकायचे, टॉयलेट आणि सिंकच्या ट्रॅपमध्ये (पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपात) अँटिफ्रीझ ओतायचं. हमखास राहतं ते शॉवरच्या मिक्सरमधलं आणि बॉयलरमधलं पाणी. ते गोठून फुगतं, भाग तडकतो, आणि कळतं मार्चमध्ये पाणी सोडल्यावर, जमीन भिजली की.

‘कामं भरपूर’ म्हणजे ईस्टर ते ऑक्टोबरअखेर, चिप्सची दुकानं, आर्केड आणि पार्कांची साफसफाई. तासांची हमी बहुधा नाही. नोव्हेंबरपासून शटरं खाली. लेस्टरची नोकरी सांभाळून जा-ये करू म्हणाल, तर गाडीने एका बाजूला दोन तासांहून जास्त.

‘आजारपण नाही’ हे तर सरळसरळ उलटं आहे. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांचा २०२१ चा वार्षिक अहवाल किनारी गावांच्या आरोग्यावरच होता. आयुर्मान, हृदयविकार, मानसिक आरोग्य, सगळ्यात ही गावं मागे. शिवाय लोकसंख्या वयस्क आणि गरीब असूनही रुग्णांमागे कन्सल्टंट (तज्ज्ञ) डॉक्टर १५ टक्के आणि नर्स ७.४ टक्के कमी. हवा वाईट नाही, पण हवेने कोणाचा हार्ट अटॅक बरा होत नाही. स्केगनेसला छोटं रुग्णालय आहे. मोठा आपत्कालीन विभाग ३५ किलोमीटरवर, बॉस्टनला. ऑगस्टमधल्या शनिवारी त्या रस्त्याला लागून बघा.

राहिलं पोहणं. १५ अंशांखालच्या पाण्यात अंगाला एकदम धक्का बसतो, श्वास आवरत नाही, आणि इथला समुद्र वर्षातला बहुतेक काळ त्याहून थंडच असतो. पूर्व किनाऱ्याचा खास धोका वेगळाच: नेहमीचा पश्चिमेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे काठावर पाणी शांत दिसतं आणि मुलांची हवेची गादी बघता बघता आत जाते. नारिंगी विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) लावलेला असेल तर ती गादी पिशवीतून काढूच नका. पाण्यात सापडलात तर हातपाय मारू नका, पाठीवर तरंगत श्वास ताळ्यावर येऊ द्या. काठावर असाल तर गादीमागे पाण्यात उडी न मारता ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.